उन्हातलं काम, सुरकुत्या, पांढरे केस अन् अँटीऑक्सिडंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं मेडिकल बाजाराच्या रस्त्यावर आहे. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका येतात, बीपी-शुगरच्या गोळ्या घेऊन झाल्या की पदराआडून मोबाईल काढतात अन् एखाद्या सीरमचा, म्हणजे चेहऱ्याला लावायच्या पातळ द्रवाचा, फोटो दाखवून विचारतात, "ताई, हे घेऊ का?" आता पोरंपण विचारतात, बरं वाटतं. पण काउंटरवर मागं गर्दी असते, नीट सांगणं होत नाही, म्हणून सगळं इथं लिहून ठेवते आहे. हे आपल्या इकडच्या, विदर्भातल्या उन्हाला अन् आपल्या कामाला धरून लिहिलेलं आहे, दिवसभर एसीत बसणाऱ्यांचं गणित वेगळं असतं.

प्रश्न : हे अँटीऑक्सिडंट अँटीऑक्सिडंट म्हणतात ते नेमकं काय असते?

घाण्यावरून जवसाचं तेल आणलं अन् उघड्या भांड्यात खिडकीजवळ ठेवून दिलं, की थोड्याच दिवसांत त्याला खवट वास येतो, भांड्याच्या काठाला चिकट थर बसतो. हवेतल्या ऑक्सिजननं तेलाची नासाडी केलेली असते, यालाच ऑक्सिडेशन म्हणतात. आपल्या कातडीतपण तेल आहे, प्रथिनं आहेत, अन् तिथंपण हेच चालू असतं. ऊन, चुलीचा धूर, तंबाखू, यांच्यामुळं अंगात फ्री रॅडिकल नावाचे कण जास्त तयार होतात. त्यांच्यात एक इलेक्ट्रॉन जोडीशिवाय असतो, तो जोडी जमवायला शेजारच्या कणाकडून इलेक्ट्रॉन ओढतो, मग तो शेजारी अडतो अन् पुढच्याकडून ओढतो, अशी साखळी लागते अन् त्यात कातडीला ताठ ठेवणारं कोलेजन, पेशींचं वरचं आवरण, सगळ्यांचं नुकसान होतं. अँटीऑक्सिडंट काय करतं, स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन टाकतं अन् साखळी तिथंच तोडतं.

पण देऊन झालं की ते स्वतः संपतं. एवढं एक लक्षात ठेवा, खालची अर्धी उत्तरं त्यातूनच निघतात. बाटलीत असतानाच जे हवेनं अन् गरमीनं संपलं, त्याच्याकडं तुमच्या चेहऱ्याला द्यायला काही उरत नाही.

प्रश्न : मग लावलं तं म्हातारपण थांबते का?

नाही थांबत. 1956 साली डेनहॅम हार्मन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं मांडलं होतं की म्हातारपण या फ्री रॅडिकलमुळंच येतं. नंतर कळलं की गोष्ट तेवढी सरळ नाही, म्हातारपणाची कारणं बरीच आहेत अन् अंगाला थोडेफार फ्री रॅडिकल लागतातसुद्धा, जंतू मारायला ते कामी येतात.

पण चेहऱ्यावर जे दिसतं त्यातलं बरंच म्हातारपण वयाचं नसतंच, उन्हाचं असतं. खात्री करायची असेल तर घरातल्या आजीचा हात हातात घ्या. कोपरापासून मनगटापर्यंतची बाहेरची कातडी बघा, काळवंडलेली, चिरमुटलेली, बारीक ठिपके पडलेली. मग तोच हात उलटा करून दंडाच्या आतली, काखेजवळची बाजू बघा, पोलक्याच्या बाहीखाली झाकून राहिलेली. मऊ, एकसारखी, सुरकुती असलीच तर बारीक. आजी तीच, वय तेच, एका बाजूनं पन्नास वर्षं निंदण-वेचणीचं ऊन खाल्लं अन् दुसरीनं नाही खाल्लं, एवढाच फरक.

2012 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय साप्ताहिकात एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता, वय 69, ट्रक चालवत 28 वर्षं काढलेली. तिकडं ड्रायव्हर डाव्या खिडकीला बसतो, तर त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू जाड सुरकुत्यांनी भरलेली अन् उजवी बरीच ठीक. काच बंद असली तरी उन्हातले यूव्हीए नावाचे न दिसणारे किरण आत येतात. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, म्हणून काळीपिवळी जीप चालवणाऱ्या भावांनी उजवा गाल अन् उजवा हात सांभाळावा.

म्हणून माझं म्हणणं असं, की आपल्या भागात अँटीऑक्सिडंटचा पहिला उपयोग उन्हानं होणारं नुकसान कमी करण्यासाठी आहे अन् तोही उन्हापासून झाकण्याच्या जोडीनं, त्याच्या ऐवजी नाही.

प्रश्न : यातलं सगळ्यात भरवशाचं कोणतं?

व्हिटॅमिन सी. लेबलवर एल-अस्कॉर्बिक अ‍ॅसिड लिहिलेलं असतं. हंगेरीचे अल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांना व्हिटॅमिन सीवरच्या कामासाठी 1937 चं नोबेल मिळालं अन् त्यांनी ते ढिगानं काढलं कशातून तर पाप्रिका म्हणजे तिकडच्या मिरचीतून. आपल्या हिरव्या मिरचीतपण वजनाला वजन संत्र्यापेक्षा जास्त व्हिटॅमिन सी असतं, बऱ्याच जणांना हे पटत नाही पण खरं आहे.

कातडीवर लावायचं तर त्याला अटी आहेत. एक तर ते चांगलं आंबट असावं लागतं, पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) साडेतीनच्या खाली, नाहीतर कातडीत शिरत नाही. दुसरं, प्रमाण 10 ते 20 टक्के. वीसच्या वर गेलं की जास्त शिरत नाही, नुसती आग होते, म्हणून 30 टक्के लिहिलेलं बघून भुलू नका. एकदा आत गेलं की मात्र लगेच निघून जात नाही, अर्धं व्हायला जवळपास चार दिवस लागतात, त्यामुळं एखाद दिवस राहून गेलं तर जीव खाली-वर करायची गरज नाही.

याच्या जोडीला व्हिटॅमिन ई म्हणजे टोकोफेरॉल असेल तर उत्तम, कारण सी पाण्यात विरघळणारं, ई तेलात विरघळणारं, कातडीत दोन्ही जागा आहेत अन् सी हे ई ला परत कामाला लावतं. 2005 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, 15 टक्के सी अन् 1 टक्का ई यांच्यात अर्धा टक्का फेरुलिक अ‍ॅसिड हे तिसरं अँटीऑक्सिडंट टाकलं, तर उन्हापासून मिळणारं संरक्षण चार पटीवरून आठ पटीच्या आसपास गेलं. प्रयोग डुकराच्या कातडीवरचा होता, ती माणसाच्या कातडीला जवळची मानतात. फेरुलिक अ‍ॅसिड धानाच्या कोंड्यातपण असतं, भंडारा-गोंदियाकडच्या लोकांनी ऐकून ठेवावं, अर्थात कोंडा तोंडाला चोळून ते आत जात नाही.

प्रश्न : सीरम पिवळं पडलं, फेकू का वापरू?

नवीन असताना पाण्यासारखं किंवा अगदी फिक्कं असतं. थोडं पिवळसर झालं तर ताकद कमी झाली समजा, पण वापरून संपवता येतं. गडद पिवळं किंवा चहासारखं तांबडं झालं की टाकून द्या. ते ऑक्सिडाइज झालेलं असतं, उलट चेहऱ्यावर डाग देऊ शकतं.

आपल्याकडं अडचण कुठं आहे ते सांगते. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, इथं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तुमचं पार्सल तालुक्याच्या ठिकाणी टिनाच्या शेडखाली पडून असतं, मग डिलिव्हरीवाल्या पोराच्या बॅगेत दुपारभर फिरतं. माझ्याकडं एका पोरीनं बाटली आणून दाखवली, सील उघडलेलं नव्हतं, बाटली पारदर्शक काचेची अन् आतलं सगळं तांबूस. एक्सपायरी पुढच्या वर्षीची होती. तारीख चुकीची नव्हती, पण ती तारीख थंड अन् कोरड्या जागेसाठी असते.

म्हणून उन्हाळ्यात असलं काही ऑनलाइन मागवूच नका, दिवाळीनंतर मागवा. बाटली गडद रंगाची किंवा हवा न जाणाऱ्या पंपाची बघा, लहानातली लहान घ्या. घरी आल्यावर फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रिज नसेल किंवा लाईटचा भरवसा नसेल तर माठाजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात डब्यात घालून. आरशासमोरच्या फळीवर नको, तिथं ऊन येतं. लेबलवर उघड्या डबीचं चित्र अन् त्यात 6 एम किंवा 12 एम लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यावर तेवढे महिने, पण आपल्या हवेत सी च्या बाबतीत त्याच्याही आधी संपवलेलं बरं.

हे सगळं जमणार नसेल तर सोडियम अस्कॉर्बिल फॉस्फेट, मॅग्नेशियम अस्कॉर्बिल फॉस्फेट, इथाइल अस्कॉर्बिक अ‍ॅसिड असं लिहिलेलं घ्या. हे व्हिटॅमिन सीचेच भाऊबंद, ताकदीनं जरा कमी पण गरमीत जास्त टिकतात अन् आग पण कमी करतात. खेड्यात राहणाऱ्या बाईला मी हेच सांगते.

प्रश्न : आमच्या वावरात संत्राच संत्रा हाय, मंग विकतचं कायले? तोच चोळला तं?

वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या बायका हे हमखास विचारतात. संत्रा खा, रोज खा, पण चेहऱ्याला रस नका लावू. रसात व्हिटॅमिन सी आहे पण लावण्याच्या मानानं अगदीच कमी, ते कातडीत पोचत नाही. सालं उन्हात वाळवून पूड करतात, त्यात सी बरंचसं उडून जातं, उरतो तो खरखरीत भुगा. आंघोळीआधी उटण्यात चिमूटभर घातला तर मळ निघतो, एवढाच उपयोग. अन् ज्या बागेवर फवारणी झाली आहे त्या फळाची साल तर तोंडाला लावूच नका.

लिंबू त्याच्याहून वाईट. लिंबाच्या रसात अन् सालीत असे पदार्थ असतात की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात अन् मागं काळे चट्टे राहतात, महिनोन्‌महिने जात नाहीत. लिंबू चोळून वेचणीला जाणं म्हणजे डाग विकत घेणं.

प्रश्न : आवळा?

खाण्यात राजा आहे. संत्र्याच्या कित्येक पट व्हिटॅमिन सी अन् त्याच्यासोबत तुरट टॅनिनं. कार्तिकात स्वस्त असतो तेव्हा घरी मीठ लावून, मुरवून ठेवा. डोक्याला आवळ्याचं तेल लावता ते लावा, केस मऊ राहतात, पण तेलात उकळलेल्या आवळ्यातलं व्हिटॅमिन सी तेलात उतरत नाही कारण ते पाण्यात विरघळणारं आहे. पोट्ट्यांनो, बाटलीवर आवळ्याचं चित्र मोठं असतं, मागं घटक वाचा, बऱ्याच तेलात मिनरल ऑइल पहिल्या नंबरवर असतं. घटक नेहमी जास्तीकडून कमीकडं लिहितात.

प्रश्न : हळद तं आपलीच हाय, तिच्यात बी अँटीऑक्सिडंट असते म्हणतात?

असतं, कर्क्युमिन. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यात कर्क्युमिन भरपूर असतं, हात लावला की रंग सांगतो. हळदीनं जखम बरी होते याचं पेटंट अमेरिकेत 1995 साली एका विद्यापीठानं घेतलं होतं, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं लढून 1997 मध्ये ते रद्द करायला लावलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे.

पण खरं सांगायचं तर कर्क्युमिन कातडीत सहज शिरत नाही अन् उजेडानं लवकर खराब होतं. सूज, लाली कमी करायला ती बरी, सुरकुत्यांसाठी तिच्यावर विसंबून राहू नका. लावायची तर घरी दळलेली, चिमूटभर, दह्यात किंवा साईत, संध्याकाळी, उन्हात जाण्याआधी नाही. बाजारातल्या सुट्या पिवळ्याजर्द पुडीत शिशाचा किंवा कपड्याचा रंग मिसळलेला निघतो, ती तोंडालाही नको अन् भाजीलाही नको.

प्रश्न : नायसिनामाइड, रेटिनॉल, क्यू-टेन, ग्रीन टी... यातलं काय घ्यावं?

नायसिनामाइड आपल्या लोकांसाठी मला सगळ्यात सोयीचं वाटतं. ते व्हिटॅमिन बी-3 आहे, 2 ते 5 टक्के पुरतं, गरमीत टिकतं, स्वस्त आहे, आग करत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर सुरकुत्या उशिरा येतात पण डाग अन् वांग लवकर येतात, अन् हे नेमकं डागांवर काम करतं, रंगाचे कण वरच्या पेशीत जाणं कमी करतं. 10 टक्के घ्यायची गरज नाही. व्हिटॅमिन सी सोबत चालत नाही असं कोणीतरी पसरवलं आहे, चालतं.

रेटिनॉल सुरकुत्यांवर सगळ्यात चांगलं सिद्ध झालेल्यांपैकी आहे, पण त्याचं खरं काम कोलेजन वाढवणं अन् पेशींची उलाढाल वाढवणं. रात्रीच लावायचं, आठवड्यातून दोनदा सुरू करायचं, वाटाण्याएवढं. दिवसभर उन्हात असणाऱ्या माणसाची कातडी यानं सोलवटते, तर वेचणी-सोंगणीच्या दिवसात सुरू करू नका. अन् दिवस गेलेले असतील किंवा राहणार असतील तर अजिबात नाही.

क्यू-टेन, ग्रीन टी, रेस्व्हेराट्रॉल वाईट नाहीत, क्रीममध्ये आले तर येऊ द्या, त्याच्यासाठी वेगळे पैसे घालू नका. क्रीमच्या यादीत शेवटी शेवटी टोकोफेरॉल किंवा बीएचटी दिसलं तर समजा ते बहुतेक क्रीम खवट होऊ नये म्हणून टाकलेलं आहे, तुमच्या चेहऱ्यासाठी नाही.

प्रश्न : शेतात घाम येते, सनस्क्रीन वाहून जाते. मंग लावून काय फायदा?

आधी कपडा. आपल्या बाया वेचणीला जाताना लुगड्यावरून घरच्या माणसाचा जुना फुल बाहीचा शर्ट घालतात, डोक्याला दुपट्टा गुंडाळतात अन् कंबरेला ओटी बांधतात, हा शर्ट म्हणजे बाजारातल्या कोणत्याही क्रीमपेक्षा भारी संरक्षण आहे, कोणी हसलं तरी सोडू नका. फक्त शर्ट गडद रंगाचा अन् घट्ट विणीचा घ्या. झिजलेल्या पातळ पांढऱ्या सुती कपड्यातून बरंच ऊन आत जातं, घामानं ओला झाला की आणखी जातं. दुपट्टापण दुहेरी करून बांधा, नाकाचा शेंडा अन् गालाचं हाड उघडं राहतं, वांग पहिले तिथंच येतो.

मग जो भाग उघडा राहतो तिथं सनस्क्रीन. बाटलीवर एसपीएफचा आकडा असतो, एसपीएफ 30 हे यूव्हीबीचे (कातडी भाजणारे किरण) जवळपास 97 टक्के किरण अडवतं अन् 50 हे 98 टक्के, त्यामुळं पन्नाससाठी दुप्पट पैसे देण्यात अर्थ नाही, पण लेबलवर पीए अन् पुढं तीन-चार अधिकचं चिन्ह आहे का ते बघा, ते यूव्हीएसाठी. चेहरा अन् मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ भरेल एवढं लागतं. लोक चण्याएवढं लावतात अन् म्हणतात फरक पडला नाही. वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं घ्या, घाम टिपून घ्या, पुसू नका, अन् भाकर खायला धुऱ्यावरच्या सावलीत बसाल तेव्हा परत लावा.

अन् सीरम? सनस्क्रीन सगळं ऊन अडवत नाही, जे आत येतं त्यातून तयार झालेले फ्री रॅडिकल निस्तरायला सीरम. आधी सीरम, ते वाळलं की सनस्क्रीन. पैसे एकाचेच असतील तर डोळे झाकून सनस्क्रीन घ्या.

प्रश्न : पांढरे केस परत काये होतीन का?

जो केस पांढरा होऊन बाहेर आला तो कोणत्याही तेलानं, सीरमनं काळा होत नाही, कारण डोक्याबाहेरचा केस जिवंत नसतो. केसाच्या मुळात रंग बनवणाऱ्या पेशी असतात. 2009 मध्ये संशोधकांना दिसलं की पांढऱ्या होणाऱ्या केसांच्या मुळात हायड्रोजन पेरॉक्साइड साचतं, कारण ते फोडणारं कॅटालेज नावाचं एन्झाइम कमी झालेलं असतं. म्हणजे इथंपण ऑक्सिडेशनच. 2020 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की जोराच्या ताणानं या रंगपेशींचा साठाच रिकामा होतो अन् परत भरत नाही. यावरून कंपन्या कॅटालेजच्या गोळ्या विकतात, त्या गोळ्या पोटात पचून जातात, केसाच्या मुळापर्यंत पोचल्याचा पुरावा नाही.

पंचविशीच्या आत केस पांढरे होऊ लागले तर तेल बदलत बसण्यापेक्षा रक्त तपासा. बी-12, हिमोग्लोबिन अन् फेरिटीन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड. आपल्याकडं माळकरी, शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता खूप आहे, अन् ती भरून काढली की काही जणांचे नवीन केस काळे येतातसुद्धा. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांचे केस लवकर पांढरे होतात हे अभ्यासात दिसलेलं आहे.

काळी मेंदी म्हणून जी दहा-वीस रुपयांची पुडी मिळते तिच्यात पीपीडी नावाचं रसायन असतं. मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस असतो, पंधरा मिनिटांत कोळशासारखा काळा रंग देते ती नुसती मेंदी नव्हे. कानामागं थेंबभर लावून दोन दिवस थांबा, खाज आली, सूज आली तर तो डाय जन्मात परत लावू नका, दुसऱ्या वेळेस डोळे बंद होईपर्यंत तोंड सुजतं.

प्रश्न : केसाले तेल कोणतं बरं? जवस, करडी, का खोबरेल?

खोबरेल. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल अन् मिनरल ऑइल तपासले होते, केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलानं कमी झालं, कारण त्याचा कण लहान अन् सरळ असतो, केसाच्या आत जातो. न्हाण्याच्या आदल्या रात्री लावलं की पुरे.

करडी अन् सूर्यफुलाच्या तेलात व्हिटॅमिन ई असतं, कोरड्या हातापायांना, भेगांना छान. जवसाचं तेल मात्र डोक्यावर नका घेऊ, ते सगळ्यात लवकर ऑक्सिडाइज होतं, लाकडाला पॉलिश करायला म्हणून तर ते वापरतात, हवेत वाळून पापुद्रा धरतं. जवस चटणीतच ठेवा, भाजून कुटलेली, भाकरीवर, तिथं त्याला तोड नाही. अन् कोणतंही तेल खवट वासाचं झालं की अंगाला पण लावू नका.

प्रश्न : आमचा भाग खारपाणपट्ट्यात येतो, केस पार झाडूसारखे झाले. अँटीऑक्सिडंट शाम्पू घेऊ?

शाम्पूतलं अँटीऑक्सिडंट दोन मिनिटांत मोरीत वाहून जातं, त्याच्यासाठी पैसे देऊ नका. पूर्णाकाठच्या अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खाऱ्या पाण्यात क्षार असतात, ते केसावर बसतात. शक्य असेल तर शेवटचा एक तांब्या गोड्या पाण्याचा, पावसाळ्यात पागोळीचं साठवलेलं पाणी असेल तर फारच चांगलं. नंतर कंडिशनर, तोही फक्त टोकांना. शेतात केस उघडे ठेवू नका, उन्हानं केसातला काळा रंगच विरतो, टोकं भुरी होतात.

प्रश्न : मग अँटीऑक्सिडंटच्या गोळ्याच घेतल्या तर? वरून लावायची कटकट नाही.

हे नीट वाचा. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या हजारो पुरुषांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या देऊन बघितल्या होत्या, कॅन्सर कमी होईल म्हणून. 1994 मध्ये निकाल आला, गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर वाढलेला निघाला. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग 1996 मध्ये वेळेआधी बंद करावा लागला. गाजरात, तरोट्याच्या भाजीत असतं ते अन् गोळीत कोंबलेलं, याच्यात फरक पडतो.

दुसरं उदाहरण तर आपल्या दारातलं आहे. सेलेनियम हे अँटीऑक्सिडंट म्हणून केसांच्या गोळ्यात विकतात, कारण अंगातल्या ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइमला ते लागतं. पण लागतं किती, दिवसाला 55 मायक्रोग्रॅमच्या आसपास. जास्त झालं की केस गळतात, नखं तुटतात. डिसेंबर 2024-जानेवारी 2025 मध्ये बुलडाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत मूठ मूठ निघून आले, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची पथकं आली, अन् डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तपासणी करून सांगितलं की लोकांच्या रक्तात, केसांत अन् रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त सापडलं, झिंक कमी. ज्या वस्तूच्या कमतरतेनं केस जातात तिच्याच अतिरेकानंही जातात. डॉक्टरनं रक्त बघून दिल्याशिवाय केसांच्या गोळ्या खाऊ नका, अन् दोन कंपन्यांच्या एकत्र तर कधीच नाही.

ताटात वाढा. अंबाडी, चिवळ, शेवग्याचा पाला, टमाटे, पेरू, जांभूळ, बोरं, लाल कांदा. पेरूत संत्र्यापेक्षा जास्त व्हिटॅमिन सी आहे अन् तो बांधावर लागतो.

प्रश्न : ग्लुटाथिओनचं इंजेक्शन लग्नाआधी घेतात, मी घेऊ का?

नको. रंग उजळायला शिरेतून हे घेणं सुरक्षित आहे असं कुठंच सिद्ध नाही, किडनी-लिव्हरचा त्रास अन् अंगावर गंभीर रिअ‍ॅक्शन आलेल्या आहेत. असं इंजेक्शन जो घरी येऊन देतो म्हणतो त्याला दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : मैत्रिणीनं एक ट्यूब दिली, आठ दिवसांत चेहरा उजळला. तीच लावत राहू?

ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, आजारासाठीचं औषध आहे. 2018 मध्ये सरकारनं चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. तरी मिळतात, हे आमच्या धंद्याला शोभणारं नाही. आठ दिवस गोरं वाटतं, मग कातडी कागदासारखी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसतात, चुलीजवळ बसलं तरी आग होते, ओठावर-गालावर लव वाढते. चाळिशीची बाई पन्नाशीची दिसायला लागते. बरेच दिवस लावली असेल तर एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो, म्हणून बंद करायची ती डॉक्टरला दाखवून.

अन् ज्या डबीवर कंपनीचा पत्ता, लायसन नंबर, घटक काहीच नाही ती तर हातातसुद्धा घेऊ नका. 2023 च्या सुरुवातीला बातमी आली होती, अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांना त्रास झाला अन् मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तपासल्यावर त्यांच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा निघाला. सौंदर्यप्रसाधनात पारा नकळत आला तरी दहा लाखात एक भागाच्या वर चालत नाही असा आपला नियम आहे.

प्रश्न : खर्रा खातो पण सिगारेट ओढत नाही. चेहऱ्यावर काय फरक पडणार?

भाऊ, खर्ऱ्यात तंबाखूसोबत सुपारी अन् चुना एकत्र घोटला की तोंडातच फ्री रॅडिकल तयार होतात, चोवीस तास गालात धरून ठेवता. गालाची आतली कातडी आखडते, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, गाल खोबणीत जातात. पुढं कॅन्सर. कोणतंही सीरम याच्यासमोर टिकत नाही. आधी खर्रा सोडा, त्या पैशात वर्षभराची सनस्क्रीन येते.

प्रश्न : चुलीवर स्वयंपाक करते, त्यानंपण होतं का?

होतं. चीनमधल्या बायकांच्या अभ्यासात लाकूड-कोळशावर स्वयंपाक करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या जास्त दिसल्या. गॅस परवडेल तितका वापरा, चूल पडवीत घ्या, काम झालं की तोंड साध्या पाण्यानं धुवा.

प्रश्न : नवीन क्रीम आणली की सरळ लावावी का?

कोपराच्या आतल्या बाजूला लावा, दोन दिवस बघा, मग चेहऱ्याला. एका वेळी एकच नवीन वस्तू. अन् निकालाची घाई नको, डागांना दोन-तीन महिने लागतात, सुरकुत्यांना जास्त.

प्रश्न : डॉक्टरकडं कधी जावं अन् कुठं?

वांग वाढतच चालला असेल, तीळ किंवा डाग अचानक मोठा झाला, रंग बदलला, रक्त आलं, जखम महिनाभर भरत नसेल, केसांत गोल चाई पडली असेल, तर क्रीम घ्यायला माझ्याकडं येऊ नका, सरळ त्वचारोग डॉक्टरकडं जा. नागपूरचं मेडिकल अन् मेयो, सेवाग्राम, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया इथल्या मेडिकल कॉलेजांत स्किनची ओपीडी असते, सकाळी लवकर पोचा. जाताना जे काही लावत होता, ट्यूब, डबी, तेलाची बाटली, सगळं पिशवीत घालून सोबत न्या, रिकामी असली तरी.